भट्टीसाठी आणि घोड्याच्या नालीच्या कामासाठी सांडशी कुठली घ्यावी? माल हातातनं सुटतोय

कागलचा_भाता

नमस्कार मंडळी. थोडं लांबण लागंल, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नेमकं सांगता येणार नाही म्हणून लिहितोय. मी कागलकडचा, गोकुळ शिरगावला एका कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे. आमचे आजोबा लोहार, बलुतं घेणारे, गावातली खुरपी विळे कुदळी फाळ सगळं त्यांच्याकडं शेवटायला, म्हणजे टोक-धार काढून घ्यायला यायचं. ते गेल्यावर भट्टी बंद पडली, भात्याचं चामडं उंदरांनी खाल्लं, ऐरण तेवढी परड्यात रुतून पडली होती. दिवाळीत मी ती उकरून काढली, भात्याच्या जागी ब्लोअर बसवला, लोणारी कोळसा आणला आणि सुट्टीदिवशी थोडं थोडं काम सुरू केलं. दोन खुरपी केली, एक विळा केला, विळा आई वापरायला लागलीय.

आता माझा एक मित्र आहे पन्हाळ्यावर, त्याची दोन घोडी आहेत, पर्यटकांना फिरवायची. त्याला नालबंद वेळेवर मिळत नाही, सहा-आठ आठवड्यांनी नाल बदलायला पाहिजे तर तीन तीन महिने जातात, मग खूर वाढून नालीच्या बाहेर येतंय. मी म्हटलं नाल मी करून ठेवतो, नालबंद आला की ठोकंल. २० बाय ८ एमएमची एमएसची (साध्या मऊ पोलादाची) पट्टी आणली आणि गेल्या महिन्यात बसलो.

सांडशी म्हणून माझ्याकडं काय, तर आधी प्लंबरची मोठी पकड वापरली, ती हाताला चटके द्यायला लागली म्हणून मग बाजारातनं एक भट्टीची सांडशी घेतली, दुकानदार म्हणाला सगळ्याला चालती. पट्टी पिवळी झाली, ऐरणीच्या शिंगावर धरली, दुसरा का तिसरा घाव घातला आणि पट्टी सांडशीत गर्रकन फिरली आणि उडाली. चुलत भावाचा सहा वर्षाचा पोरगा दारात उभा होता, त्याच्या पायापासनं वीतभर अंतरावर गोणपाटावर पडली. गोणपाट पेटलं. पोराला काही झालं नाही, पण त्या दिवसापासनं मी भट्टी पेटवलेली नाही, रात्री डोळे मिटले की तीच पट्टी दिसते.

मी सांडशी अगदी जीव खाऊन दाबली होती, तरी सुटली. मग चूक कुठं झाली? सांडशी विकत घ्यायची की करायची? भट्टीच्या कामाला आणि नालीला एकच चालती का वेगळी पाहिजे? आणि माळ्यावर आजोबांच्या तीन जुन्या सांडश्या आहेत, ते त्यांना सांडस म्हणायचे, गंजलेल्या, त्यातली एक तर नीट मिटतपण नाही, त्या कामाच्या आहेत का भंगारात घालू? कृपा करून जाणकारांनी सांगा.

---

उद्यमनगर_घण

भावा पहिली गोष्ट, पोरगं वाचलं हे लई मोठं. इथनं पुढं भट्टी पेटली की दाराला आडवी फळी लाव, लहान पोरं आणि कुत्री आत नकोत, हा नियमच कर.

आता सांडशीचं. मी बावीस वर्षं फोर्जिंगच्या शॉपमध्ये आहे, नवीन पोरगं आलं की पहिला आठवडा त्याच्या हातात घण देतच नाही, सांडशी देतो. कारण तुझी जी चूक झाली ती सगळ्यांची होती. तुला वाटलं जोर कमी पडला. जोर कमी पडलेला नाही. तू हिशेब कर, तुझी मूठ रिबिटापासनं (सांडशीच्या दोन निम्म्या जोडणारी मधली खीळ) ३५ सेंटीमीटरवर आणि माल रिबिटापुढं ५ सेंटीमीटरवर, म्हणजे तुझ्या मुठीचा जोर तोंडात सातपट होऊन पोचतोय, एवढ्या जोरात आठ एमएमची पट्टी सुटायचं कारणच नाही. सुटली कारण सांडशीचं तोंड तुझ्या पट्टीच्या मापाचं नव्हतं.

असं कर. तुझी ती नवी सांडशी घे, थंड पट्टी घे, तोंडात धर आणि उजेडाकडं तोंड करून बघ. पट्टी आणि तोंडाच्या मधनं उजेड कुठनं येतोय ते बघ. तोंडाची दोन्ही पानं पट्टीला पूर्ण लांबीत चिकटली पायजेत, एकमेकांना समांतर. सांडशी बारीक मालाची असली आणि तू जाड माल धरलास तर पानं पुढनं उघडी राहतात आणि माल फक्त मागच्या बाजूला, रिबिटाजवळ चिमटतो. सांडशी जाड मालाची असली आणि तू पातळ धरलास तर उलटं, नुसती टोकं लागतात आणि मागं पोकळ. दोन्हीत पट्टी एका रेघेवर धरलेली असती, आणि एका रेघेवर धरलेली वस्तू घाव बसला की त्या रेघेभोवती फिरणारच. माझी खात्री आहे तुझी टोकंच लागत असणार, कारण बाजारात "सगळ्याला चालती" म्हणून विकतात ती बारा सोळा एमएमच्या अंदाजानं केलेली असती. सगळ्याला चालणारी सांडशी नसती भावा. तुझ्या शॉपमध्ये बार धरायचा एक कोलेट सगळ्या बारला चालतो का? तसंच हे.

आमच्याकडं भिंतीला खिळ्यावर चाळीसभर सांडश्या टांगलेल्या असतात आणि प्रत्येकीच्या दांड्यावर सुंब्यानं (लोखंडात खूण किंवा भोक पाडायचं हत्यार) माप ठोकलेलं असतंय, ८, १०, १२, १६, असं. तुला चाळीस नकोत. सुरुवातीला तीन बास. एक सपाट तोंडाची आठ एमएमची, तुझ्या पट्टीसाठी, आणि तिच्या एका पानाला दोन्ही बाजूनी छोटे कान काढलेले असले तर लई चांगलं, कान पट्टीला कडेनं धरून ठेवतात आणि आडवी फिरू देत नाहीत. दुसरी व्ही खाचेची, ती गोल सळईला पण चालती आणि चौकोनी बार कोपऱ्यावर धरायला पण. ती बारा-सोळाची कर. तिसरी बारीक टोकाची, विळा खुरपं चाळवायला, निखाऱ्यातनं काहीतरी उचलायला. उचलायच्या सांडशीनं ठोकायचं नाही मात्र, ती नुसती उचलायची.

लांबी सोळा-अठरा इंच, जास्त लांब केलीस तर मनगट भरून येतंय. दांड्या माल धरल्यावर मुठीत एकमेकीपासनं दोन बोटांवर आल्या पायजेत. लांब राहिल्या तर मूठ मिटत नाही आणि तासाभरात हात कामातनं जातो, एकमेकीला टेकल्या तर कितीबी दाब, तोंडात काही पोचत नाही, तू दांड्याच दाबत बसतोस. अजून एक, दांड्यांवर सरकवायची लोखंडी कडी कर, माल धरला की कडी मागं ठोकून बसवायची, मग मूठ सैल सोडली तरी माल धरलेला राहतोय. दिवसभर काम करणारे सगळे कडी वापरतात.

---

शिरोली_वेल्डर

विकत कशाला घेतोस, टीएमटीची सळई घे दोन तुकडे, टोकं चेपून वेल्ड मार, मधी बोल्ट घाल, अर्ध्या तासात सांडशी तयार. मी ग्रिलच्या कामाला तीच वापरतो. नाहीतर ट्रकच्या कमानीचा पाटा घे, लई कडक असतोय, वाकणार नाही कधी.

---

उद्यमनगर_घण

दादा ग्रिलच्या कामाला ठीक असंल, दोन मिनिटं धरायचं आणि वेल्ड मारायचं. पण हा माणूस पिवळं लोखंड धरून त्याच्यावर घाव घालणार आहे, त्याला हे सांगू नका.

टीएमटीची सळई बाहेरनं पाण्यानं थंड करून कडक केलेली असती आणि आतनं मऊ, भट्टीत घातली की तो कडकपणा जातोय, मग उपयोग काय तिचा. त्यापेक्षा साधा एमएस बार चांगला, निदान काय हातात आहे ते कळतंय. आणि कमानीच्या पाट्याचं तर नावच काढू नका. तो स्प्रिंगचा पोलाद आहे, ईएन-४५ वगैरे. सांडशीचं तोंड काम करताना लाल होतंच, मग माणूस सवयीनं बादलीत बुडवतो. एमएसला काही होत नाही, त्यात कार्बन कमी असतोय, पाणी धरत नाही, म्हणजे पाण्यात बुडवून कडक होत नाही. पाट्याच्या पोलादानं पाणी धरलं की तो काचेसारखा होतोय. माझ्यासमोर एकाची सांडशी अशीच रिबिटाजवळ मोडली, घाव घालताना, निम्मी सांडशी हातात आणि माल जमिनीवर. वाकलेली सांडशी परत तापवून सरळ करता येती, तडकलेली सांगून तडकत नाही.

आणि भाता तुला अजून एक, भंगारातनं पाइप नाहीतर बोल्ट घेताना चंदेरी जस्ताचा थर असलेला माल भट्टीत कधी घालू नको. जस्त ९०७ डिग्रीला उकळतंय, भट्टी त्याच्या कितीतरी वर असती, पांढरा धूर निघतोय आणि तो छातीत गेला की रात्रभर थंडी ताप. रिबीट करायला जीआय, म्हणजे जस्त चढवलेला बोल्ट घेतात लोकं, नको, काळा बोल्ट घे.

---

नालबंद_गंगावेश

(अब्बा सांगतायत, मी टाइप करतेय)

पोरा, तुझं वाचलं. आमची पाचवी पिढी नालबंदीत. माझ्या आज्यानं टांग्याची घोडी बघितली, माझ्या वडलांनी पण, तेव्हा कोल्हापुरात स्टँडवर टांग्यांची रांग असायची आणि सकाळी सहाला आमच्या दारात घोडी उभी. आता रंकाळ्यावरची, पन्हाळ्याची, लग्नातली, आणि हंगामात बैलं. बैलं जास्त. ऊसवाल्यांची बैलं डांबरी रस्त्यावर चालतात, त्यांना पत्री (बैलाची नाल) मारावी लागते, एका पायाला दोन खुर, दोन पत्र्या, म्हणजे एका बैलाला आठ. ते काम थंड पत्र्याचं, तिथं सांडशीचं काही काम नाही, बैल पाडायचा दोर आणि हातोडा पायजे.

घोड्याचं वेगळं. घोड्याच्या कामात लोकं सगळ्यालाच पकड म्हणतात आणि मग गडबड करतात म्हणून सांगतो. खूर कापायची पकड वेगळी, तिला धार असते, दोन्ही धारा एकमेकीवर बरोबर येतात, तिच्यानं खिळा ओढायचा नाही, एक खिळा तोडलास की धार गेली आणि मग खूर कापलं जात नाही, चावलं जातं. नाल काढायची पकड वेगळी, बोथट, तोंड गोल. आधी खिळ्यांचे वळवलेले शेंडे पातीनं सरळ करायचे, मग टाचेकडनं धरायचं, या टाचेला थोडं, त्या टाचेला थोडं, असं आत खुराच्या पुढच्या टोकाकडं दाबत यायचं. एका बाजूनं हिसका दिला तर खुराचा टवका निघतो आणि पुढच्या वेळी खिळा मारायला जागाच राहत नाही. खिळे मुडपायची पकड अजून वेगळी. आणि या सगळ्यात भट्टीची सांडशी ती वेगळीच. ही चारही एकाच पिशवीत असतात, पण एकीचं काम दुसरीला सांगायचं नाही.

आता नालीची सांडशी. वरच्या दादांनी मापाचं सांगितलं ते शंभर टक्के खरं, मी फक्त नालीपुरतं सांगतो. लोहाराच्या सांडशीपेक्षा ही आखूड पायजे, चौदा इंच बास, आणि हलकी. तोंड आखूड आणि अरुंद. कारण बघ, नाल केवढीशी. पाच इंची खुराला बारा इंचाच्या आसपास पट्टी लागते, ती वळवल्यावर तुझ्या तळहाताएवढी होते. लांब तोंडाची सांडशी असली तर निम्मी नाल तोंडातच जाते, वळवणार काय आणि भोकं पाडणार काय. पट्टीच्या रुंदीवर आडवी धरायची, टाचेच्या टोकाला. पुढचा गोल भाग वळवताना टाच धरायची, मग बाजू बदलायची. भोक पाडताना तोंड भोकाच्या जागेपासनं लांब ठेवायचं.

मी दोन ठेवतो, एक सरळ पट्टीला आणि एक वळवलेल्या नालीला, दुसरीचं तोंड किंचित बाकदार, नालीच्या कडेला बसतं.

आणि एक, जे तुला कुणी सांगणार नाही. गरम नाल घोड्याच्या पायाकडं सांडशीनं न्यायची नाही. खिळ्याच्या भोकात मावंल असा सुंबा भोकात थोडा ठोकायचा आणि सुंब्यानं न्यायची. सांडशीनं धरली तर नाल एका बाजूनं उचललेली असते, खुरावर सपाट टेकत नाही, आणि घोड्यानं पाय झटकला तर सांडशी तुझ्या मांडीत येते. नाल लाल नको, काळसर झालेली असावी, खुराला टेकवायची दोन तीन सेकंद, धूर निघतो, जिथं जळलं तिथं उंचवटा, तो कानशीनं काढायचा. जास्त वेळ धरायची नाही. खुराची बाहेरची भिंत नखासारखी, तिला दुखत नाही, पण आतलं जिवंत असतं. खिळा पण, तळव्याला भिंत आणि आतलं मिळतं तिथल्या पांढऱ्या रेघेच्या बाहेरनंच जायला पायजे.

म्हणून सांगतो, नाल कर, जेवढ्या करायच्यात तेवढ्या कर, पण ठोकायच्या भानगडीत तू पडू नको, अजून तरी नको. चुकीचा एक खिळा आणि घोडं महिनाभर तीन पायावर. मित्राला सांग, नालबंदाला वेळेवर बोलवायचं तर आधी सांगावं लागतं, आम्ही मोटरसायकलवर फिरतो, पन्हाळ्याला दोन घोड्यांसाठी वर चढायचं तर तिथल्या चार पाच मालकांनी मिळून एक दिवस धरावा.

---

हुपरी_मूस

मी चांदीकामातला, भट्टी आमची पण आहे म्हणून मधी बोलतो. आमच्याकडं मूस (चांदी वितळवायचं भांडं) उचलायला सांडशी लागते, तिचं तोंड मुशीला दोन्ही बाजूनी मिठी मारल्यासारखं बसतं, वाटीच्या आकाराचं, कारण लाल मूस एका ठिकाणी चिमटली की तडकते आणि मग आतला सगळा माल निखाऱ्यात. प्रत्येक मापाच्या मुशीला वेगळी सांडशी ठेवतो आम्ही, मूस बदलली की आधी थंड मुशीवर बसवून बघायची, मगच भट्टी. तुमचं लोखंडाचं आणि आमचं चांदीचं, पण हे थंड असताना बसवून बघायचं दोघांचं एकच दिसतंय.

---

कागलचा_भाता

सगळ्यांचे मनापासनं आभार. मामा, तुमचं सुंब्याचं वाचून अंगावर काटा आला, मी सांडशीनंच नेणार होतो.

आज सकाळी उजेडाकडं धरून बघितलं. घणदादा, अगदी तुम्ही म्हणाला तसंच. पट्टीला नुसती टोकं टेकतात, मागं एवढी फट की माचिसची काडी सरळ आत गेली. म्हणजे मी दाबत होतो ते टोकांवर. महिनाभर मला वाटत होतं माझ्या मनगटात दम नाही.

मग आजोबांच्या तिन्ही काढल्या. रॉकेलमध्ये रात्रभर ठेवल्या होत्या, वायर ब्रशनं घासल्या. एकीच्या दांड्यावर तीन टिंबं ठोकलेली आहेत, एकीवर पाच, तिसरीवर काहीच नाही. पाच टिंबांचीला थंड १६ ची सळई धरून बघितली, बरोबर पाच सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), उजेडाचा कण येत नाही. तीन टिंबांचीचं तोंड बरंच झिजलंय, पण मूळची तीन सुताची असणार. हे मला कधी कळलंच नव्हतं, लहानपणी त्याच्यावर बोट फिरवत बसायचो. दांड्या हाताच्या घामानं अशा गुळगुळीत झाल्यात की गंजसुद्धा तिथं धरलेला नाही, फक्त तोंडाकडं आणि रिबिटाजवळ.

आता तीन सुताचीचं तोंड आठ एमएमवर आणता येईल का? कसं आणायचं? आणि ती पाट्याची नाही ना हे कसं ओळखायचं? आणि बिनटिंबाची जी आहे तिचं रिबीट जाम आहे, हलतच नाही.

---

उद्यमनगर_घण

टिंबांचं वाचून बरं वाटलं. आमच्या शॉपमधले म्हातारे मिस्त्री पण सुतातच बोलायचे. तीन सूत म्हणजे साडेनऊ एमएम, आठवर आणायला काही अवघड नाही.

आधी पोलाद बघ. तोंडाच्या टोकाचा कोपरा लाल कर, पाण्यात बुडव, मग त्याच्यावर कानस मार. कानस खाल्ली, भुगा पडला, तर मऊ लोखंड, निर्धास्त वापर. कानस घसरली, काचेवर घासल्यासारखी, तर कडक पोलाद आहे, मग ती भिंतीवर टांग आणि आठवण म्हणून ठेव, काम करू नको. जुने लोहार बहुतेक मऊच वापरायचे पण बघून घे.

मऊ निघाली तर सांडशीचं पूर्ण तोंड रिबिटापर्यंत नारिंगी होऊ दे. आठ एमएमची थंड पट्टी तोंडात घाल, पूर्ण आत. दांड्यांच्या मधी, मूठ धरतोस तिथं, दोन बोटं जाड लाकडाचा तुकडा ठेव. आता तोंड व्हाइसमध्ये धरून आवळ, नाहीतर ऐरणीवर ठेवून हलक्या हातानं ठोक, दोन्ही पानं पट्टीवर चपटी बसेपर्यंत. तोंड बसलं आणि दांड्या जवळ किंवा लांब गेल्या तर त्या रिबिटामागं वाकवून मापात आण. मग थंड कर आणि परत उजेडाकडं धर. एका तापात होत नाही, दोन तीन वेळा करावं लागंल, घाई नको. झालं की एकही टिंब पुसून टाकू नको, बाजूला आठ ठोक.

जाम रिबीट पण तसंच. रिबिटाची जागा लाल कर आणि उघड मिट उघड मिट करत राहा, ती जशी थंड होती तशी. पार काळी झाली की पाण्यात बुडवून पण उघड मिट चालूच ठेव. थांबलास की परत धरतंय. आमच्याकडं नव्या सांडशीला पण रिबीट मारल्यावर हेच करतात.

पुढं स्वतः करायला घेतलीस तर एक गोष्ट डोक्यात ठेव, दोन्ही निम्म्या एकसारख्या करायच्या. अगदी एकसारख्या. आरशातल्यासारख्या उलट्या नाही. २० चा चौकोनी बार, पहिलं पान काढ, मग एक वळसा डावीकडं देऊन रिबिटाची जागा, परत डावीकडं वळसा देऊन दांडी. दुसरी निम्मी पण डावीकडंच. मी पहिली सांडशी केली तेव्हा एक डावी आणि एक उजवी केली, दोन दिवसाचं काम, जुळवायला गेलो तर एकमेकीवर बसेचनात. मिस्त्री काही बोलले नाहीत, दोन्ही निम्म्या माझ्या हातात दिल्या आणि अजून दोन बार दिले.

आणि काळं गरम विसरू नको. लोखंड लाल दिसत नाही म्हणजे थंड नाही, चारशे डिग्रीला पण काळंच दिसतंय. जमिनीवर पडलेलं काही हातानं उचलायचं नाही, कितीबी वेळ झाला असला तरी. सांडशी पण. आणि हातातनं काही सुटलं तर पकडायला हात पुढं नाही करायचा, मागं सरकायचं.

---

नालबंद_गंगावेश

(अब्बांनी अजून एक सांगितलंय)

तोंड मापात आणल्यावर टोकाचं पहिलं बोटभर कानशीनं अरुंद कर, दोन्ही बाजूनी, म्हणजे नालीला जागा राहील. पण पातळ करू नको, फक्त अरुंद. पातळ केलं की लाल होऊन वाकतं. आणि सांडशी निखाऱ्यात ठेवून भाता मारत बसू नको, नाल ठेवायची आणि सांडशी बाहेर काढायची. पोरं तिथंच धरून उभी राहतात, मग म्हणतात सांडशी वाकली.

---

कागलचा_भाता

मंडळी उशीर झाला, कारखान्यात दोन आठवडे डबल शिफ्ट होती.

तीन टिंबांची मऊ निघाली. कानशीनं भुगा पडला तेव्हा आई दारात उभी होती, तिला काय चाललंय कळेना, मी सांगितलं आजोबांची सांडस कामाची आहे. तीन तापात तोंड बसलं. पहिल्या तापात लाकडाचा तुकडा ठेवायला विसरलो, दांड्या एकमेकीला चिकटल्या, परत उघडून परत केलं. आता थंड पट्टीवर उजेड अजिबात दिसत नाही. टोक अरुंद केलं. दुसऱ्या दांड्यावर ८ ठोकला, टिंबं तशीच आहेत. जाम रिबीट पण सुटलं, दुसऱ्यांदा बुडवल्यावर एकदम हलकं झालं, पाण्यात गंजाचा लाल ढग उठला.

दाराला फळी लावली. गोणपाटं सगळी बाहेर काढली, पाण्याची बादली डाव्या हाताला ठेवली. काल संध्याकाळी पहिली नाल वळवली, मूठ एवढी सैल धरून की मला विश्वास बसेना, आणि कडी बसवली तेव्हा तर हात नुसता टेकवून ठेवला होता. पट्टी जागची हलली नाही. भोकं तीन तीन पाडलीत, अजून सरळ येत नाहीत, एक कडेच्या फार जवळ गेलंय. फोटो टाकलाय.

मामा, रविवारी पन्हाळ्याच्या चार मालकांनी मिळून दिवस ठरवलाय, नऊ घोडी आहेत. तुम्ही येणार असला तर मी नाल घेऊन येतो, ठोकू नका, नुसत्या बघा.

---

नालबंद_गंगावेश

(अब्बांनी चष्मा लावून फोटो बघितला)

येतो, सकाळी सातला पायथ्याला थांब, वर सोबत जाऊ. आकार बरा आहे. डाव्या बाजूची टाच उजवीपेक्षा दोन सूत लांब दिसते, नाल ऐरणीवर उलटी ठेवून माप. कडेचं भोक तसंच सोड, त्या नालीला घोडं नको, ती तुझ्या दारावर लाव. दुसरी भोकं पाडताना सुंबा पट्टीला उभा धरतोस का तिरका? तिरका धरत असशील तर किती, ते रविवारी हातात धरून दाखव. आणि ती आठाची सांडशी बरोबर आण, मला बघायची आहे.